इंजिन उसने, शर्यत आपली

आखाड्यात ज्याला चीत करायचे, त्याच्याच गोठ्यातले दूध विकत घेऊन पहिलवानाने तयारी करावी, ही कल्पना आपल्याला विचित्र वाटेल. फॉर्म्युला वन मोटारींच्या शर्यतीत मात्र हा व्यवहार राजरोस चालतो. मोटारीचा सांगाडा ज्याचा त्याने घडवावा, असा तेथला दंडक. इंजिन मात्र विकत घेता येते. ते बनविणारे मोजकेच, आणि त्यांतले बहुतेक स्वतःही शर्यतीत उतरणारे!

एके काळी हा सौदा लहानांना परवडत असे. १९६६ साली इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटर झाली. तेव्हा फोर्ड कंपनीने सुमारे १ लाख पौंड दिले आणि इंग्लंडातील कॉसवर्थ कारखान्यात कीथ डकवर्थ यांनी ‘डीएफव्ही’ हे इंजिन घडविले. १९६७ साली हॉलंडमधील झांडवूर्ट येथे ते लोटस संघाच्या मोटारीतून प्रथम धावले आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकली. पण फोर्डचे वॉल्टर हेज यांनी ओळखले, की प्रतिस्पर्धीच उरला नाही तर विजयाला मोल ते काय? पुढील वर्षापासून ते इंजिन इतरांनाही ७,५०० पौंडांना मिळू लागले. लाकडाचे व्यापारी केन टायरेल यांच्या संघातून जॅकी स्ट्यूअर्ट १९६९ मध्ये जगज्जेता झाला, तो याच इंजिनावर. १९८३ पर्यंत या इंजिनाच्या घराण्याने १५५ शर्यती जिंकल्या.

२०१४ साली नियम पुन्हा बदलले. इंजिन १.६ लिटरचे झाले. ब्रेक आणि धुराड्यातून वाया जाणारी शक्ती विजेच्या रूपाने साठवायची आणि एका शर्यतीत १०० किलोच इंधन जाळायचे. हेतू उदात्त, पण इंधनाची बचत झाली आणि इंजिनाचे बिल फुगले! त्याच वर्षी केटरहॅम व मारुसिया या दोन लहान संघांचे दिवाळे वाजले. मारुसियातील सुमारे २०० माणसांची नोकरी गेली. सारा दोष इंजिनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण बुडत्याच्या गळ्यात तोही एक धोंडा होताच.

२०१५ मध्ये नियामक मंडळाने इंजिनाच्या विक्रीला कमाल किंमत बांधण्याचे ठरविले, तेव्हा फेरारीने नकाराधिकार वापरला. आमच्या मालाचा भाव दुसऱ्याने का ठरवावा, हा त्यांचा सवाल. आणि दुकानदार म्हणून तो रास्तही होता. अखेर तडजोड झाली: २०१७ मध्ये वर्षाचे बिल १० लाख युरोंनी, पुढच्या वर्षी आणखी ३० लाखांनी उतरवायचे आणि कोणी संघ इंजिनावाचून अडला तर त्याला ते पुरवायचे. २०२३ पासून इंजिन बनविणाऱ्यांच्या खर्चालाही मर्यादा आली. २०२६ च्या नियमांतून तर धुराड्यातील ते महागडे विद्युतयंत्रच वगळले गेले.

हेज यांना जे उमजले, ते नियमात लिहायला अर्धे शतक लागले. इंजिनाची ताकद किती असावी हे ठरविणाऱ्याने शेवटच्या रांगेतल्या संघाचा बटवाही तोलावा, हे उत्तम. एरवी एकटाच धावणारा नेहमीच पहिला येतो. पण ते पाहायला तिकीट काढून कोण जाणार?