दंड, सवलत आणि न्याय

स्वतःच्या घरासमोरील रस्ता हा आपल्या अंगणाचाच भाग होय, ही समजूत आपल्या मध्यमवर्गीय मनातून अद्याप गेलेली नाही. ती चुकीची आहे, हे आम्ही प्रारंभीच स्पष्ट करतो. रस्ता सर्वांचा आहे; त्यावर वाहन उभे करण्याचा हक्क घराच्या खरेदीखताबरोबर मिळत नाही. तथापि ज्या नियमाखाली दंड करावयाचा, तो नियम नागरिकाच्या दृष्टीस पडेल अशी व्यवस्था ठेवणे, हेही शासनाचे तितकेच कर्तव्य होय.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११६ वे कलम वाहतुकीचे निर्बंध लोकांच्या निदर्शनास आणण्यासाठी फलक उभारण्याचा अधिकार देते. पुण्याच्या पेठांतील सम-विषम तारखांचे फलक याच हेतूने असतात. परंतु फलक फांदीआड गेला वा त्यावरील रंग उडाला, तर रहिवाशाने काय करावे? ई-चलनाच्या छायाचित्रात त्याचे वाहन दिसते. फलक दिसतोच असे नाही. आरोपाचा हा अर्धाच पुरावा झाला.

अशा वेळी त्याला लोकअदालतीचा मार्ग दाखविला जातो. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये भरणाऱ्या या अदालतीचे काम समेट घडविणे हे आहे, अपराध ठरविणे हे नव्हे. तेथे दंडात सूट मिळू शकेल. परंतु ‘माझा अपराधच नाही’ असे म्हणणाऱ्याला सूट नको असते, निर्णय हवा असतो. त्यासाठी न्यायालयाचे दार उघडे आहे हे खरे. पण २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या अपराधाचा सर्वसाधारण दंड शंभरावरून पाचशेपर्यंत नेला, तरीही एवढ्या रकमेसाठी दिवसाची मजुरी वा रजा कोण खर्ची घालणार? मनुष्य मुकाट्याने पैसे भरतो, आणि त्याचे मौन ही अपराधाची कबुली समजली जाते.

आमची मागणी माफक आहे. चलनाच्या छायाचित्रात वाहनाबरोबर फलकही असावा. लेखी हरकतीला ठरावीक मुदतीत सकारण उत्तर मिळावे. फलक दिसत नव्हता असे आढळल्यास दंड रद्द व्हावा. दोषी असलेल्याने दंड निमूटपणे भरावा, हे आम्ही नागरिकांनाही बजावतो. मात्र निर्दोष मनुष्याला केवळ दगदग टाळण्यासाठी दंड भरावा लागत असेल, तर शासनाच्या तिजोरीत पाचशे रुपयांची भर पडते आणि कायद्यावरील त्याचा विश्वास कायमचा खर्ची पडतो.