खेळायचा दिवस कायद्यानेच द्या

परवा शिक्षकांच्या खोलीत वाद झाला. ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिवस. आपल्या संसदेनेही असा एक राष्ट्रीय दिवस कायदा करून द्यावा, असे मी म्हणाले आणि सगळे हसले. "मॅडम, अजून एक दिवस? फोटो कोण अपलोड करणार?" त्यांचे हसणे मला समजते. वर्षभर आम्ही दिवसच साजरे करतो. प्रतिज्ञा, फेरी, फोटो, लिंक. तरीही माझे म्हणणे मी मागे घेत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ मार्च २०२४ रोजी ठराव करून हा दिवस जाहीर केला. बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमात मुलाचा खेळण्याचा हक्क आहे आणि ती संहिता भारताने १९९२ मध्ये स्वीकारली आहे. कोणी म्हणेल, आपल्याकडे क्रीडा दिन आहेत की! आहेत, दोन आहेत. २९ ऑगस्ट मेजर ध्यानचंदांचा, १५ जानेवारी खाशाबा जाधवांचा. दोघांनाही सलाम. पण क्रीडा म्हणजे निवड. निवडलेली अकरा मुले मैदानात उतरतात आणि उरलेली तीनशे टाळ्या वाजवतात. या तीनशे जणांचा दिवस कुठला? त्यात २९ ऑगस्टला आमच्या मुळशीत पावसाने मैदानाचे तळे झालेले असते. राष्ट्रीय क्रीडा दिन आम्ही व्हरांड्यात कॅरम मांडून उरकतो. दिल्लीत तारीख ठरवणाऱ्याने ताम्हिणीचा पाऊस पाहिलेला नसावा.

आणि मैदान तरी कुठे उरले आहे? हिंजवडीपासून पिरंगुटपर्यंत जमीन गुंठ्यावर मोजली जाते. जिथे पोरे विटीदांडू खेळत तिथे आता कुंपण आहे आणि कुंपणाला प्लॉटचा नंबर आहे. मोठ्या सोसायट्यांच्या आत छान मैदाने आहेत, पण वॉचमनचे पोर गेटच्या बाहेर बसते. आत सोसायटीची मुले, बाहेर गावची मुले, एकमेकांची नावेही त्यांना ठाऊक नाहीत.

मला खरी काळजी याचीच आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात, पहलगामचा हल्ला आणि पौडमधली विटंबनेची घटना यांनंतर, आमच्या तालुक्यातल्या काही गावांनी ठराव केले की जुम्म्याच्या नमाजाला बाहेरच्या मुसलमानांनी गावच्या मशिदीत येऊ नये. विटंबना निषेधार्हच होती. पण पिरंगुटच्या कारखान्यात राबून दुपारी नमाजाला येणारा मजूर एका रात्रीत 'बाहेरचा' झाला. खेळात बाद झालेला गडी पुढच्या डावात पुन्हा आत येतो. गावात बाहेरचा ठरलेला माणूस आत येण्यासाठी पुढचा डाव कोण मांडणार?

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. 'तालीम' हा शब्द शिकवताना मला दर वर्षी गंमत वाटते. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे पैलवान घडतो ती जागा. सोलापूरकडच्या बोरामणीचे तीन शेख बंधू याच मातीतून महाराष्ट्र केसरी झाले, इस्माईल १९८० ला, आप्पालाल १९९२ ला, मुन्नालाल २००२ ला. मुळशीला कुस्तीचे वेड किती आहे हे सांगायला नको. ज्याच्याशी लहानपणी मातीत लोळलो, त्याच्याबद्दल व्हॉट्सॲपवर आलेले वाटेल ते खरे मानणे जरा जड जाते. फार नाही, पण जरा जड जाते.

दोष फक्त पलीकडच्यांचा नाही. आपल्या घरात मुलगी बारा वर्षांची झाली की तिचा खेळ बंद. सातवीनंतर मला कोणी लंगडी घालू दिली नाही आणि आज माझ्या वर्गातल्या मुलींचे तेच होते. कारण म्हणून दीन पुढे केला जातो. हजरत आयेशांनी खुद्द रसूलांशी धावण्याची शर्यत लावली होती, एकदा जिंकल्या आणि एकदा हरल्या, हे मात्र त्या बैठकीत कोणी सांगत नाही.

तर कायदा कशाला, परिपत्रक पुरेल की, असे आमचे मुख्याध्यापक म्हणाले. परिपत्रक फोटोवर भागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. सगळ्या शाळांना ते मिळाले का? नाही. पण कागद हातात असल्यामुळेच पालक ते मागू शकतो. मला हवा असलेला कायदा छोटा आहे. नवी सुट्टी नको. वर्षातून एक दिवस शाळेचे, पंचायतीचे, सोसायटीचे, कंपनीचे मैदान सगळ्यांना उघडे. उर्दू, मराठी, इंग्रजी माध्यमाची मुले संघ पाडताना मिसळायची, मुलींना त्यांची जागा, म्हाताऱ्यांनाही बोलवायचे. व्यासपीठ नाही, नारळ नाही, सत्कार नाही, गुणफलक तर नाहीच. तारीख प्रत्येक राज्याने आपला पाऊस पाहून ठरवावी. ११ जूनला आमच्या शाळा उघडलेल्याही नसतात.

एवढे मी आमदार-खासदारांना लिहून पाठवते आहे. हसणाऱ्या सहकाऱ्यांपैकी चौघांनी सही केली. त्यांची अट एकच, त्या दिवशी शिक्षकांनाही खेळू द्यायचे. मान्य. लगोरीच्या ठिकऱ्या मी आणते.