नाव वेगळं हवं, अडणारं नको

सालवडला आमच्या घरी भाचीचं नाव ठरतंय. वेगळं हवंच, पण शाळेच्या हजेरीत, बोईसरच्या दवाखान्यात एकदा सांगितल्यावर बरोबर लिहिलं जावं. माझी पसंती ‘चांद’. १५९५-९६ मध्ये मुघलांच्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीचं हे नाव. आपल्याच दख्खनचं, उच्चारायला सोपं, तरी आमच्या भागात मुलींना क्वचितच ठेवलेलं. नावाची घाई करू नका: जन्मनोंद नावाशिवायही होते आणि नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. तोवर इंग्रजी स्पेलिंग मात्र पक्कं करा. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं असलं, की पुढे कागदोपत्री आपली ओळख सिद्ध करण्याचे हेलपाटे त्या मुलीलाच पडतात.