सवलत म्हणजे शिक्षण नव्हे

दहावीच्या परीक्षेचे दिवस जवळ येऊ लागले की आपल्या शहरांतील कित्येक पालकांची एका कागदासाठी धावपळ सुरू होते. मुलास अध्ययन अक्षमता असल्याचा दाखला अधिकृत रुग्णालयाने दिला, की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सवलती मिळतात. महाराष्ट्र शासनाने या सवलती १९९६ साली देऊ केल्या, हे त्यास भूषणावहच होय. त्यांच्या आधाराने अनेक गुणी मुले शिक्षणाबाहेर फेकली जाण्यापासून वाचली. परंतु जो मुलगा पहिलीपासून अडखळत आला, त्याची अडचण नववी-दहावीत कागदावर यावी, हे वरातीमागून घोडे नव्हे काय?

ही अडचण म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे. चांगली बुद्धी असलेल्या मुलासही ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद वारंवार हुलकावणी देतो. जोडाक्षरापाशी त्याचे वाचन थबकते. तोंडी बिनचूक दिलेले उत्तर कागदावर उतरत नाही. काहींची अंकांच्या बाबतीत हीच गत होते. प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो, घरी बोलणी बसतात, आणि आपण ‘ढ’ आहोत हे अखेर ते मूल स्वतःच मान्य करून टाकते. ‘तारे जमीं पर’ या २००७ सालच्या चित्रपटाने मध्यमवर्गाच्या डोळ्यांत पाणी आणले. पण त्यानंतर वर्गात काय पालटले, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

कायद्याची वाण आहे, असे म्हणता येणार नाही. अपंग मुलांना शक्यतो सर्वसाधारण शाळांतच शिकवावे, असा विचार कोठारी आयोगाने १९६६ सालीच मांडला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत अध्ययन अक्षमतेस स्थान दिले आणि ती मुलांत लवकरात लवकर हेरून योग्य अध्यापनाचे उपाय योजावेत, असेही स्पष्ट सांगितले. विशेष शिक्षकांच्या प्रश्नात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली लक्ष घातले. त्यानंतर प्राथमिक वर्गांसाठी अशा १० विद्यार्थ्यांमागे १ व पुढील वर्गांसाठी १५ मागे १ विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरले. तरीही मार्च २०२५ मध्ये न्यायालयास राज्यांना ही पदे निर्माण करण्याविषयी पुन्हा बजवावे लागले, यातच सारे आले.

महाराष्ट्राने २०२४ साली विशेष शिक्षकांची ४,८६० पदे केंद्र स्तरावर निर्माण करण्याचे ठरविले, याचे आम्ही स्वागत करतो. पण एका केंद्राच्या पदरी साधारणतः दहाएक शाळा असतात. इतक्या शाळांमधून फिरणारा एकटा शिक्षक कोणत्या मुलाचा हात किती दिवस धरणार? खरी मेख येथेच आहे. सवलतीचा आदेश काढण्यास शासनास फारसा खर्च येत नाही. शिक्षक नेमण्यास येतो.

सधन पालक सवलतींचा गैरफायदा घेतात, अशी कुजबुज कधीकधी ऐकू येते. तसे कोठे घडत असेल तर ते निंद्यच. परंतु त्यावरचा उपाय दाखल्यांविषयी संशय वाढविणे हा नसून, प्रत्येक मुलाची तपासणी शाळेतच वेळेवर करणे हा आहे. आज शहरातील जाणत्या पालकास मानसोपचारतज्ज्ञ गाठता येतो, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी जाता येते. ज्यास रोजंदारी बुडवून तालुक्याबाहेर पाऊल टाकणे परवडत नाही, त्याच्या मुलाच्या अडचणीला तर नावही मिळत नाही. ते मूल नापास होते, शाळा सोडते आणि गळतीच्या आकड्यांत मिसळून जाते.

तेव्हा दुसरीच्या वर्गातच प्रत्येक मुलाचे वाचन-लेखन पारखले जावे. ती पारख कशी करावी हे अध्यापक विद्यालयांत सर्व भावी शिक्षकांना शिकविले जावे. आणि विशेष शिक्षकांची कायम पदे ठरलेल्या प्रमाणात भरली जावीत, अशी आमची मागणी आहे. यात दयेचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. परीक्षेतील जादा वेळ अवश्य मिळावा. पण त्या वेळात लिहावयाचे काय, हे मुलास आधी शिकविलेले असले पाहिजे.