व्यायामाने स्नायू गंजतात काय?

व्यायामाने शरीरात मुक्त मूलके, म्हणजे अतिक्रियाशील रेणू, वाढतात, ती स्नायूंच्या पेशींना गंजवतात, म्हणून व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वांची गोळी घ्यावी, असे मत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे फिरणाऱ्यांपासून मुलुंड-घाटकोपरच्या जिमपर्यंत ऐकू येते. काही जण तर याच कारणाने व्यायामच टाळतात.

या मताचा पूर्वार्ध निराधार नाही. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी वार्धक्याचा दोष मुक्त मूलकांना दिला. १९८२ मध्ये केल्विन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दमून थांबेपर्यंत पळवले, तेव्हा स्नायूंत आणि यकृतात मुक्त मूलके दोन ते तीन पट आढळली. मात्र ही थकव्याच्या टोकाची कसोटी होती. उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या रस्त्यावर बोलता येईल पण गाता येणार नाही, अशा वेगाने चालणाऱ्याला तिचा निष्कर्ष लावणे चूक आहे. शिवाय त्याच निबंधात डेव्हिस यांनी सुचवले होते की, नव्या तंतुकणिका घडण्याची प्रेरणा या मूलकांतूनच मिळत असावी. भीती पसरवणाऱ्यांनी निबंधाचा हा भाग वाचलेला दिसत नाही.

तंतुकणिका म्हणजे पेशीतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे. नियमित धावण्याने उंदरांच्या स्नायूंतील त्यांची एन्झाइमे सुमारे दुप्पट होतात, हे जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्येच दाखवले. मध्यम व्यायामात निर्माण होणारी थोडी मुक्त मूलके पेशीला इशारा देतात. त्या इशाऱ्याने पीजीसी-१ अल्फा आणि एनआरएफ-२ ही प्रथिने कामाला लागतात. पहिल्यामुळे तंतुकणिका वाढतात. दुसऱ्यामुळे पेशीचे स्वतःचे संरक्षण बळावते, म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांसारखी एन्झाइमे वाढतात. स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळेही दाट होते. काही आठवड्यांनी तेच अंतर चालताना प्रत्येक तंतुकणिकेवरचा भार कमी झालेला असतो. ज्याला गंज म्हटले जाते, ती प्रत्यक्षात स्नायूची तालीम आहे.

गोळी हा इशारा दाबू शकते. २००९ मध्ये मिखाएल रिस्टो यांच्या गटाने जर्मनीत तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करवून घेतला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला तो गोळी न घेणाऱ्यांचाच. नंतरच्या सर्वच प्रयोगांत इतका ठळक फरक दिसलेला नाही, हे मान्य केले पाहिजे; परंतु निरोगी माणसाच्या स्नायूंना अशा गोळीने फायदा होतो, असेही सिद्ध झालेले नाही. हा आक्षेप पेरू-मोसंब्यांवर नाही, तसाच वैद्यकीय कारणाने दिलेल्या औषधावरही नाही.

व्यायामाने तंतुकणिका वाढतात, या निष्कर्षाला भारतीयांच्या बाबतीत अधिक वजन आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. बीएमआय सारखा असताना चरबी जास्त, म्हणजे स्नायू कमी. इन्सुलिनच्या प्रभावाखाली रक्तातील साखर तर प्रामुख्याने स्नायूच उचलतात. ज्यांच्याकडे स्नायू कमी, त्यांनी असलेल्या स्नायूंच्या तंतुकणिका वाढवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

मुक्त मूलकांमुळे पेशींवर येणाऱ्या ताणाची, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताणाची, खरी चिंता असेल, तर ती हवेबद्दल करावी. वाहनांच्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांत हाच ताण निर्माण करतात. राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच आहे. त्यामुळे महामार्गाच्या कडेने धावण्यापेक्षा आत झाडीत चालणे केव्हाही बरे.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. वाढलेल्या तंतुकणिका साठवून मात्र ठेवता येत नाहीत. व्यायाम थांबला की काही आठवड्यांतच त्या घटतात. तेव्हा पावसाळ्यात उद्यानातले फिरणे बंद पडले, तरी इमारतीचे जिने चढणे बंद पडू देऊ नये.