उद्देश, साध्य आणि धोरण

गेल्या पंधरवड्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. एका मोठ्या कंपनींत तो वरच्या हुद्यावर आहे. दहा-बारा शहरांत तिच्या शाखा आहेत. नमस्कार झाला, चहा झाला, आणि त्यानें खिशांतून एक कागद काढून आमच्यापुढें ठेविला. त्यावर इंग्रजींत चार वाक्यें होतीं. ‘सर, हें आमच्या कंपनीचें व्हिजन आणि मिशन. साहेबांना तें मराठींत हवें आहे, आणि जमल्यास वर एखादें संस्कृत वचन,’ असें तो म्हणाला. आम्हीं चष्मा लावून कागद वाचला. उत्कृष्टता होती, ग्राहकांचें समाधान होतें, समाजाविषयींची बांधिलकी होती, सचोटी तर दोन वेळां होती. फक्त कंपनी करते काय, तें कोठें सांपडेना. विचारलें तेव्हां तो हंसला व म्हणाला, ‘सर, आम्ही पंप करतों, पाणी उपसण्याचे.’

कागद आम्हीं ठेवून घेतला. तर्कसंग्रह शिकतांना लक्षणाचे तीन दोष आम्हांस पाठ करावे लागले होते, ते त्या रात्रीं एकाएकी आठवले. शिंगें असणें हें गाईचें लक्षण केलें तर तें म्हशीसही लागतें, ही अतिव्याप्ति. कपिल वर्ण हें लक्षण केलें तर पांढऱ्या गाई वगळल्या जातात, ही अव्याप्ति. आणि एकच अखंड खूर असणें हें केलें तर तें एकाही गाईस लागत नाहीं, हा असंभव. आमच्या विद्यार्थ्याच्या कागदास पहिला दोष उघड होता. तो कागद बँकेच्या, इस्पितळाच्या किंवा साबणाच्या कारखान्याच्या दारावर लावला असता तरी कोणाची हरकत नव्हती. तिसरा दोष मात्र कागद पाहून कळत नाहीं. त्यासाठीं संस्थेचा कारभार पाहावा लागतो.

मोठ्या संस्थांच्या कागदांत तीन गोष्टींची सरमिसळ होते. संस्था कशासाठीं आहे, हा उद्देश. अमुक मुदतींत काय घडलें म्हणजे काम झालें म्हणावयाचें, हें साध्य. आणि असलेलीं माणसें व असलेला पैसा कोठें लावावयाचा, तसेंच कोठें लावावयाचा नाहीं, हें धोरण. हा भेद पोकळ शब्दच्छल आहे असें कोणी म्हणेल, तर ज्यांची साठी उलटली आहे अशा आमच्या वाचकांनीं आपला दंड पाहावा. तेथें देवी काढल्याचा वण असेल.

जागतिक आरोग्य संघटना 1948 सालीं स्थापन झाली. सर्व लोकांस शक्य तितकें उत्तम आरोग्य लाभावें, हा तिचा उद्देश. इतक्या विशाल उद्देशाखालीं काय वाटेल तें करतां येतें, आणि कांहीं न करतांही दिवस काढतां येतात. परंतु 1959 सालीं संघटनेनें देवीच्या रोगाचें जगांतून उच्चाटन करण्याचें ठरविलें, आणि 1967 पासून त्यासाठीं दहा वर्षांची मुदत डोळ्यांपुढें ठेविली. येथें साध्य असें झालें कीं तें साधलें किंवा फसलें, हें शेंबडें पोरही सांगूं शकेल. एक जरी रोगी उरला तरी काम अपुरें!

खरी मौज पुढेंच आहे. आपल्या देशांत 1962 सालीं मोहीम सुरू झाली तेव्हां धोरण असें होतें कीं शेंकडा 80 लोकांस लस टोचावी, म्हणजे रोग आपोआप थांबेल. आंकडे भराभर वाढले. रोग कांहीं हटला नाहीं. चौकशी करतां असें आढळलें कीं टोचणारे लोक जीं माणसें सहज हातीं लागतात त्यांनाच पुनः पुनः टोचीत होते. शाळेंतील मुलें एका रांगेंत उभीं असतात, पळून जात नाहींत, म्हणून त्यांचे दंड सर्वांत अगोदर. (त्या रांगेंत आम्हीही उभे होतों.) तान्हीं मुलें, भटकीं कुटुंबें, गांवाबाहेरच्या वस्त्या तशाच राहिल्या. कागदावर टोचलेल्यांची संख्या हेंच साध्य होऊन बसलें होतें. रोग नाहींसा होणें हें साध्य मागें पडलें होतें.

तेव्हां धोरण फिरविलें. 1966 च्या अखेरीस नायजेरियाच्या पूर्व भागांत लस अपुरी पडली म्हणून डॉ. विल्यम फेगी यांनीं जेथें रोगी सांपडे तेथेंच, त्याच्या भोंवतालच्या लोकांस टोचून साथ आवरली होती. अडचणींतून निघालेली ही युक्ति 1973 पासून आपल्याकडेही नेटानें चालविली. आरोग्यसेवक देवी आलेल्या मुलाचें चित्र हातांत घेऊन घरोघर विचारीत फिरूं लागले. रोगी दाखवील त्यास बक्षीस लागलें. आरंभीं रोग्यांची संख्या वाढलेली दिसली, कारण पूर्वी लपलेले आतां मोजले जाऊं लागले. शिवाय 1974 सालीं बिहारांत साथही भयंकर होती. त्या वेळीं जुन्या धोरणाकडे परत फिरावें असें सुचविणारे अधिकारी थोडे नव्हते. पण धोरण टिकलें. मे 1975 नंतर भारतांत देवीचा रोगी आढळला नाहीं. जगांत नैसर्गिक रीतीनें झालेला शेवटचा रोगी ऑक्टोबर 1977 मध्यें सोमालियांत सांपडला. मुदत सुमारें दहा महिन्यांनीं चुकली. 1980 च्या मे महिन्यांत रोग गेल्याची घोषणा झाली.

त्याच संघटनेनें 1955 सालीं हिंवतापाच्या उच्चाटनाचाही विडा उचलला होता. भारतांत 1961 सालीं रोगी सुमारें 50 हजारांवर आले, आणि 1976 सालीं 64 लाखांवर गेले! डासांनीं डीडीटीस दाद देण्याचें सोडलें. परंतु 1969 पर्यंत जागतिक साध्य बदललें नव्हतें. असो.

साध्य किती लहान करावें, याचा वस्तुपाठ आम्हांस पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत दिसतो. 1917 सालीं स्थापन झालेल्या या संस्थेनें 1919 मध्यें महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. ‘व्यासांचें मूळ महाभारत देऊं’ अशी प्रतिज्ञा केली असती तर देणग्या कदाचित् अधिक मिळाल्या असत्या. परंतु 1925 पासून प्रमुख संपादक असलेले डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारें जेथवर मागें जातां येईल तेथवरचा जुन्यांत जुना पाठ आम्ही देऊं, त्यापलीकडे नाहीं. हें वाक्य लहान आहे, पण तें एकाच कार्यास लागतें. अतिव्याप्ति नाहीं, असंभवही नाहीं. धोरण त्यांतूनच निघालें. काश्मीरपासून मल्याळ देशापर्यंतच्या 1,259 प्रती पाहिल्या. एकेका श्लोकासाठीं कोष्टकाचा वेगळा कागद केला. शांतिनिकेतन व तंजावर येथें पाठ ताडून पाहण्याचीं ठाणीं घातलीं. आदिपर्व पुरें होण्यास 1933 साल उजाडलें. सुखठणकर 1943 सालीं वारले. त्यांच्यामागें डॉ. बेलवलकर, पुढें डॉ. प. ल. वैद्य यांनीं तें काम त्याच रेषेवर नेलें आणि 1966 च्या सप्टेंबरांत तें पूर्ण झालें. आरंभ करणारांपैकीं फार थोड्यांनीं शेवट पाहिला असेल.

आतां आमच्याच घरचें. आम्ही ज्या एका शाळेंत होतों तिच्या घटनेंत, ज्या मुलांस दुसरीकडे प्रवेश मिळत नाहीं त्यांची सोय करणें, असा उद्देश लिहिलेला होता. नवें मंडळ आलें आणि त्यानें साध्य ठरविलें : दहावीचा निकाल शेंकडा 100. साध्य स्पष्ट होतें, मोजतां येण्याजोगें होतें, देवीच्या उच्चाटनासारखेंच. धोरण मात्र कोणीं लिहिलें नाहीं. नववींतील कच्च्या मुलांच्या पालकांस बोलवावें, आणि दाखला काढून सतरा नंबरचा फॉर्म भरावा, असें गोडींत सांगावें, हें तें धोरण. तीन वर्षांत निकाल शंभर लागला. वर्तमानपत्रांत छायाचित्र आलें, पेढे वांटले.

त्या मुलांची यादी करण्याचें काम वर्गशिक्षकाचें असे. दोन वर्षें तो वर्गशिक्षक आम्हीच होतों, आणि यादीवरील अक्षर आमचेंच आहे. एका मुलाचे वडील हमाली करीत. ते म्हणाले, ‘मास्तर, नापास होईल तर होऊं द्या, पण शाळेंतून होऊं द्या.’ आम्हीं त्यांस नियम सांगितला. तसा नियम कोठेंही नव्हता. ते नमस्कार करून गेले, आणि मुलाचा दाखला दुसऱ्या दिवशीं नेला. घटनेचें तें वाक्य त्या वेळींही कार्यालयाच्या भिंतीवर चौकटींत होतें, आणि आमची खुर्ची त्याच्या खालींच होती.

ठरल्याप्रमाणें आमचा विद्यार्थी कागद नेण्यास आला. आम्हीं दोनच वाक्यें लिहिलीं होतीं. शेतकऱ्यास परवडेल असा पाणी उपसण्याचा पंप करणें, हें एक. आणि विकलेला पंप बिघडल्यास तो दुरुस्त करण्यास जवळच्या गांवीं माणूस ठेवणें, हें दुसरें. त्यानें तीं दोन वेळां वाचलीं. पहिलें साहेबांना जरा लहान वाटेल, पण चालेल, असें त्याचें मत पडलें. ‘दुसरें काढावें लागेल, सर,’ तो हळूच म्हणाला, ‘लहान गांवांतलीं दुरुस्तीकेंद्रें आम्हीं गेल्या वर्षीं बंद केलीं.’

आम्ही कांहीं बोललों नाहीं. चहा पुनः झाला. संस्कृत वचनासाठीं तो येत्या रविवारीं येणार आहे.