अनियमित ठोके आणि रमजान

"ठोके चुकतात, आता किती दिवस?" ही भीती बहुतेकांना असते. उपचार नीट चालू ठेवले तर या आजारासोबत माणूस पुष्कळ वर्षं जगतो. खरा धोका गुठळीचा. हृदयाचे वरचे कप्पे नुसतेच थरथरतात, रक्त साचतं आणि गुठळी मेंदूत गेली की लकवा. हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट.

म्हणून धडधड थांबली तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून बंद करायची नाही, रमजानमध्येही नाही. वॉरफरिन दिवसातून एकदाच असते, इफ्तारनंतर घेता येते. दोन वेळच्या गोळ्यांचं मात्र शाबानमध्येच डॉक्टरांना विचारून ठरवा. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरामध्येच आहे; आपल्या वडीलधाऱ्यांना ती घेताना उगाच संकोच वाटतो. जळगाव-धुळ्याच्या उन्हात शरीरातलं पाणी कमी झालं की ठोके आणखी बिघडतात.

वॉरफरिन घेणाऱ्यांनी आयएनआर (बहुधा 2 ते 3) तपासत राहावं. मेथी, कांद्याची पात घातलेलं भरीत सोडू नका. फक्त एक दिवस ताटभर आणि मग महिनाभर काहीच नाही, असं नको.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर मालिश करत बसू नका. लगेच 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.